ऊ उसाचा

अंगणवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता असतो. त्यात ‘ऊ’पाशी बहुतेक वेळा ऊसच असतो. तीन-चार कांडकी, वर हिरवी पाती, खाली ठळक अक्षर. हा तक्ता महाराष्ट्रात कुठंही टांगता येतो. आता तोच बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी किंवा धारूरकडच्या एखाद्या अंगणवाडीत टांगा आणि उन्हाच्या तोंडाला ऊसतोडीच्या फडावरून परतलेल्या पाच वर्षांच्या लेकराला त्याच्यासमोर उभं करा. लेकरू चित्राकडं बघून ‘ऊस’ म्हणेल. तक्त्याचं काम इथं संपलं. लेकराचं सांगणं मात्र अजून सुरूही झालेलं नसतं. उसाचा हिरवा शेंडा छाटला की त्याला वाढं म्हणतात, वाढं बैलापुढं टाकतात नाहीतर विकतात, वाळलेल्या पातीला पाचट म्हणतात आणि ते अंगाला घासलं की आग होते, तोडलेल्या उसाची मोळी बांधतात, ती आई डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढते, हे सगळं त्याला पाठ असतं. पाच वर्षांच्या मुलाकडं एका वस्तूबद्दल इतके शब्द असणं ही शिक्षणाच्या दृष्टीनं केवढी मोठी ठेव आहे! पण तक्त्याला फक्त एकच शब्द हवा असतो.

बालशिक्षणाचं साहित्य चांगलं की वाईट, हे ठरवण्याचा विचार मला या तक्त्यापासून सुरू करावासा वाटतो. ‘ऊ’ स्वच्छ छापलाय, चित्र सुबक आहे, कागद जाड आहे, चूक एकही नाही. आणि तरीही ज्या मुलांना उसाबद्दल सगळ्यांत जास्त सांगायचंय, त्यांचंच तोंड तो एका शब्दावर मिटवतो. हाच तक्ता समोर ठेवून अंगणवाडीच्या ताईंनी ‘वाढं कुठं गेलं रं यातलं?’ एवढं विचारलं, तर अर्धा तास बोलणं चालेल. तो प्रश्न तक्त्याच्या पाठीवर किंवा सोबतच्या हस्तपुस्तिकेत छापलेला आहे का, ही साहित्याच्या गुणवत्तेची पहिली तपासणी.

बीडच्या अंगणवाडीचं वर्ष कॅलेंडरावर मोजून कळत नाही. तिथं दोनच खऱ्या तारखा असतात. कारखान्याचा बॉयलर पेटतो ती एक, आणि हंगाम संपून पट्टा पडतो ती दुसरी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली कुटुंबं ट्रकवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बैलगाड्या घेऊन निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडं, कोणी सोलापूर-नगरकडं, कोणी थेट कर्नाटकात. हंगाम लहान असला तर चार महिने, मोठा असला तर सहा. शाळेत जाणारी थोरली मुलं आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात मागं ठेवता येतात. तीन ते सहा वर्षांचं लेकरू बहुतेक वेळा आईबरोबरच जातं, आणि फडावर त्याहून धाकट्याला सांभाळायचं कामही त्याच्याकडंच येतं. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. तीन ते सहाच्या मुलांसाठी त्यात सरकारनं व्यवस्था करावी एवढाच उल्लेख येतो, हक्काची भाषा येत नाही. ऊसतोडीच्या ठिकाणी साखर शाळा निघाल्या, त्याही मुख्यतः शाळकरी मुलांसाठी. या धाकट्या वयाचा भार राहिला तो अंगणवाडीवर.

आता अभ्यासक्रमाकडं बघू. महाराष्ट्राच्या अंगणवाड्यांत ‘आकार’ हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आला. मग २०२४ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा राष्ट्रीय आराखडा आणला. त्याची मांडणी ४८ आठवड्यांची आहे. पहिले चार आठवडे घर सोडून अंगणवाडीत रुळण्याचे, पुढचे ३६ आठवडे खेळ, गप्पा, गोष्टी, गाणी, चित्रं यांतून रंग, आकार, अंक, शरीर, कुटुंब, प्राणी, फळं असे विषय हाताळण्याचे, आणि शेवटचे आठ उजळणीचे. खेळ केंद्रस्थानी ठेवणारा, मुलाला रुळायला वेळ देणारा हा आराखडा मला मनापासून आवडतो. पण बीडमध्ये जून महिन्यापासून बोटं मोडत गेलं, की साधारण विसाव्या आठवड्याच्या आसपास अर्धी अंगणवाडी रिकामी होते. पट्टा पडून लेकरं परत येतात तेव्हा गाडी चाळिशीच्या पुढं गेलेली असते, म्हणजे उजळणीच्या दारात. जे शिकवलंच नाही त्याची उजळणी.

म्हणून इथल्या साहित्याला एक वेगळा प्रश्न विचारावा लागतो, जो पुण्या-मुंबईत कोणी विचारणार नाही. मधल्या थांब्यावर यात चढता येतं का? एसटीचं कसं असतं, पाटोद्याला चढलेला आणि बीडला चढलेला, दोघंही गाडीत बसले की प्रवासी. चांगल्या साहित्यातही प्रत्येक विषय आपल्या पायावर उभा असावा. ‘फळं’ हा विषय कळण्यासाठी ‘रंग’ हा विषय आधी पार पडलेला असण्याची अट नसावी. एकाच खेळाच्या तीन पायऱ्या त्याच खेळात असाव्यात, म्हणजे चार महिने गैरहजर राहिलेलं मूल आणि रोज आलेलं मूल एकाच चटईवर बसून आपापल्या पायरीवरून खेळू शकेल. ज्या साहित्यात आठवडा क्रमांक २१ चुकला की २२ कळत नाही, ते दुसरीकडं उत्तम असेल. बीडच्या बालाघाट डोंगरपट्ट्यात ते निम्म्या मुलांना बाहेर ठेवतं.

मुलांच्या जगण्याप्रमाणं शाळा वळवण्याचा विचार महाराष्ट्रानं पूर्वी केलेला आहे, आणि तो करणाऱ्या बायका साध्यासुध्या नव्हत्या. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉंटेसरी पद्धतीवर काम करून आल्या होत्या. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथं त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडीत गरिबांची मुलं येईनात, तेव्हा त्या दोघींनी बालवाडीच मुलांच्या वस्तीत, अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढं १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झालं. तिथली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून कुरणात शाळा भरली, कुरणशाळा. भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि तिनं अंगणवाडी हे नाव देशभर नेलं.

या सगळ्यात साहित्याचं काय झालं, ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. मारिया मॉंटेसरी यांनी आपलं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेंझो वस्तीत उघडलं. आईबाप दिवसभर कामावर जाणाऱ्या गरीब कुटुंबांची ती मुलं होती. ऊसतोड्याच्या लेकरापासून ती फार लांबची नाहीत. पुढं मॉंटेसरींचं साहित्य घासूनपुसून, मोजूनमापून बनवलेलं आणि म्हणून महाग झालं. ताराबाईंनी आणि अनुताईंनी शंख, शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांच्यातून गावाला परवडेल असं साहित्य उभं केलं. हे आपण कौतुकानं सांगतो आणि तिथंच थांबतो. पण या बदलात जपायचं काय आणि सोडायचं काय, हा निवाडा अवघड असतो आणि तोच शिकण्यासारखा आहे.

मॉंटेसरींचा गुलाबी मनोरा घ्या. दहा लाकडी ठोकळे, सगळ्यात लहानाची बाजू एक सेंटिमीटर, मोठ्याची दहा. रंग एकच, आकार एकच, लाकूड एकच. बदलतं ते फक्त मोठेपण. मुलाचं लक्ष दुसरीकडं कुठं जायला जागाच नाही. क्रम चुकला की मनोरा वेडावाकडा दिसतो, मोठ्यांनी ‘चुकलं’ म्हणायची गरज पडत नाही. या साहित्याची खरी किंमत या दोन गुणांत आहे. गुलाबी रंगात किंवा लाकडात नाही. आता त्याऐवजी दहा शिंपले ठेवले तर? शिंपले छान, फुकट, समुद्रकाठच्या मुलांच्या ओळखीचे. पण एक शिंपला मोठा आणि पांढरा, दुसरा लहान आणि पट्ट्यांचा, तिसरा तुटका. लहानमोठं लावायला सांगितलं तर मूल रंगावर जाईल, नक्षीवर जाईल. शिंपले वर्गीकरणाला उत्तम, बोलण्याला उत्तम, मनोऱ्याच्या जागी मात्र कमी पडतात.

मनोऱ्याचं तेच काम स्वयंपाकघरातले एकात एक बसणारे डबे फार चांगलं करतात. पाच डबे, पाच झाकणं, धातू एकच, घडण एकच. मोठ्या डब्याचं झाकण लहान डब्यावर बसत नाही आणि लहान झाकण मोठ्यात पडतं. चूक स्वतःच बोलते. कुठल्याही जत्रेत मिळणारी ही वस्तू मॉंटेसरींच्या कसोटीला तंतोतंत उतरते. साहित्य पारखायचं तर ‘हे कशाचं बनलंय’ याच्या आधी ‘हे मुलाला काय बघायला लावतं’ हे विचारावं, ते यासाठी.

‘स्थानिक साहित्य’ हा शब्द प्रशिक्षणांमध्ये इतका गोड झालाय की त्याची तपासणी करायचं राहून जातं. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ मायंदाळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. काळ्याभोर, गुळगुळीत, एकसारख्या बिया. मोजायला यापेक्षा देखणं काय असणार? पण याच बियांची पूड उवा मारायला वापरतात, आणि ती डोळ्यांत गेली की डोळ्यांना गंभीर इजा होते. बी अख्खी असेपर्यंत ठीक, पण अंगणवाडीत बी अख्खी राहत नाही. लेकरं दगडानं ठेचतात, ते त्यांचं कामच आहे. गुंज तर त्याहून घातक. लाल अंगावर काळा ठिपका, मुलांचे हात आपोआप जातात, आणि चावून पोटात गेली तर ती विषारी. एरंडाच्या बीचंही तेच. या तिन्ही गोष्टी फुकट आहेत, आसपासच्या आहेत, सुंदर आहेत, आणि तिन्ही अंगणवाडीच्या साहित्यपेटीत नकोत. चिंचोके चालतील, पण तेही थोरल्या मुलांच्याच हातात. खेळण्यांच्या सुरक्षेची चाचणी घेताना सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं असं धरतात. चिंचोका त्यात मावतो. अंगणवाडीत फक्त तीन ते सहाचीच मुलं असतात, असं कागदावर म्हणता येतं. प्रत्यक्षात थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटा भाऊ असतो, त्याला जमिनीवर सोडलेलं असतं आणि त्याच्या तोंडात जे सापडेल ते जातं. बाजारच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. घरी बनवलेल्या साहित्याला कोणी चिन्ह देत नाही, तिथं ताईची नजर हीच चाचणी.

आकर्षक साहित्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोश यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका खोलीची हुबेहूब छोटी प्रतिकृती बनवली. प्रतिकृतीत एक इवलं खेळणं मुलाच्या डोळ्यांदेखत लपवलं, आणि खऱ्या खोलीत तसंच मोठं खेळणं त्याच जागी शोधायला सांगितलं. तीन वर्षांच्या मुलांना ते जमलं, अडीच वर्षांच्यांना नाही. पुढं त्यांनी तीन वर्षांच्या मुलांना आधी त्या प्रतिकृतीशी मनसोक्त खेळू दिलं. मग त्यांनाही शोधणं अवघड जाऊ लागलं. प्रतिकृती स्वतःच खेळणं झाली. ती दुसऱ्या कशाची तरी खूण आहे हे मागं पडलं. मोजायला दिलेले चकचकीत प्लास्टिकचे आंबे, हत्ती, मोटारी आठवा. मुलगा हत्तीशी बोलतो, हत्तीला चालवतो, आणि ‘पाच’ राहून जातं. हत्ती गोष्टीसाठी ठेवावेत, मोजण्यासाठी खडे बरे. साहित्यखरेदीच्या निविदा उघडणाऱ्या टेबलावर मात्र हत्ती नेहमी जिंकतो, कारण तिथं बसलेली माणसं मोठी असतात.

पुस्तकांचं तर विचारूच नका. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा पायाभूत स्तराचा भाग २० ऑक्टोबर २०२२ ला आला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक नेमू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तरीही तालुक्याच्या गावात नर्सरीच्या नावाखाली चार रेघी वह्या भरून घेणं चालूच आहे, आणि ते बघून अंगणवाडीत मूल घालणारी आईही विचारते, ‘ताई, लिहायला कवा शिकवणार?’ तिचा प्रश्न प्रामाणिक आहे; तिला उत्तरही तितकंच प्रामाणिक द्यावं. मनगटात आठ लहान हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या क्ष-किरण चित्रात त्यातली दोन-तीनच दिसतात, बाकीची अजून कूर्चेच्या रूपात असतात. त्या हाताला पेन्सिल दाबून रेघेत अक्षर काढायला लावण्याआधी माती मळू द्या, पोळ्याला मातीचे बैल करू द्या, कणकेचा गोळा थापटू द्या, वाती वळू द्या. ज्या पेटीत वह्या जास्त आणि हाताला काम कमी, ती पेटी मी मागं ठेवीन.

चित्रांबद्दल एकच. आई चुलीपाशी आणि बाबा बॅग घेऊन कचेरीत, हे ‘माझं कुटुंब’चं ठरलेलं चित्र. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तोडणी, मोळ्या, भरणी दोघांची. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८०७ मुली होत्या. अशा जिल्ह्यात मुलीला आणि आईला चित्रात कोणतं काम करताना दाखवलंय, ही सजावटीची बाब नाही. तसंच भाषेचं. तक्त्यावरचा पेरू इथं जांब असतो. बंजारा तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं आणि त्याला तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा मराठी गाणं ऐकू येतं. हस्तपुस्तिकेत ताईला ‘मुलाचा शब्द आधी घ्या, पुस्तकाचा नंतर द्या’ असं सांगणारी एक ओळ हवी आणि तो शब्द लिहायला रिकामी जागा हवी.

हे सगळं झाल्यावरही साहित्य कपाटात असेल तर व्यर्थ आहे. जगभर वापरली जाणारी बालशिक्षण केंद्रांची एक मोजपट्टी आहे, थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० मध्ये बनवलेली. चेन्नईच्या एम. एस. स्वामीनाथन रिसर्च फाउंडेशननं तिच्यावरून तमिळनाडूसाठी वेगळी पट्टी तयार केली. मूळ पट्टीच्या सुधारित आवृत्तीत साहित्य आहे की नाही एवढ्यावर गुण मिळत नाहीत. दिवसाच्या किमान एक-तृतीयांश वेळ ते मुलांच्या हाताशी होतं का, हे बघतात. आपल्याकडं पेटी साठा नोंदवहीत चढते. त्यातला एक ठोकळा हरवला की उत्तर ताईनं द्यायचं. मग ताई कुलूप लावते, आणि तिला दोष देण्यात काही अर्थ नाही. साहित्य पारखताना म्हणूनच बघावं की हे फुटलं तर गावातल्या सुताराला, शिंप्याला, मदतनीस ताईंना पुन्हा करता येईल का? आणि नोंदवहीत ‘वापरून झिजलं’ असा रकाना आहे का? झिजलेली पेटी ही चांगल्या अंगणवाडीची खूण मानली, तर कुलपं आपोआप निघतील.

पारखायची सोपी रीत एकच, आणि तिला वेळ सोडून खर्च नाही. घेण्याआधी ते साहित्य चार लेकरांपुढं ठेवा आणि वीस मिनिटं गप्प बसा. काही समजावू नका. मूल त्याचं काय करतं, कोणाशी बोलतं, चुकलं तर पुन्हा करतं का, ते लिहा. असं तीन दिवस. पहिल्या दिवशी सगळंच नवं असतं, त्यामुळं त्या दिवसाला फार किंमत देऊ नये. तिसऱ्या दिवशी मूल स्वतःहून कशाकडं जातं, आणि काल केलं त्याहून निराळं काही करतं का, तिथं निकाल लागतो. चारातलं एक लेकरू नुकतंच फडावरून आलेलं असावं.

दिवाळी सरली की ट्रॉल्या भरायला लागतात. गाठोड्यात भांडी, अंथरूण, ज्वारीचं पीठ, तेल-मीठ. जागा मोजकीच असते. अंगणवाडीनं लेकराबरोबर द्यायचं साहित्य त्या गाठोड्याच्या कोपऱ्यात मावायला हवं. कापडी पिशवी, तीत न फाटणारं एक चित्रांचं पुस्तक, खडूचे दोन तुकडे, एकात एक बसणारे तीन डबे. गाणी आणि गोष्टी यांना वजन नसतं. त्या जाण्याआधी पक्क्या झाल्या असतील तर फडावरच्या झोपडीत, कोपीत, पहाटे आई उठून गेल्यावरही त्या धाकट्याला ऐकवता येतात. आणि पिशवीत एक कोरा पुठ्ठाही हवा, त्यावर फक्त ‘ऊ’ लिहिलेला. एप्रिलमध्ये तो परत आला की ताईंनी तो तक्त्याशेजारी टांगायचा, आणि लेकरू सांगेल तसं लिहीत जायचं: वाढं, पाचट, मोळी, कांडी, कोयता, फळी, चिपाड.